ज्वारीच्या कोठीतली तिसरी प्रत

गाणी रेकॉर्ड करण्याच्या धंद्यात एक नियम सगळेच सांगतात. प्रत्येक कामाच्या तीन प्रती ठेवाव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवावी. दुसऱ्या घरात ती नेमकी कुठे ठेवावी, हे मात्र कुणी सांगत नाही. माझी तिसरी प्रत राणीसावरगावला माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी ज्वारीच्या कोठीत होती. ती कोठीत आहे हे मात्र मला माहीत नव्हतं.

झरीला माझ्या घराला लागून एक खोली आहे. मी तिला स्टुडिओ म्हणतो, घरचे तिला गाद्यांची खोली म्हणतात. दोघांचंही बरोबर आहे. मंडपवाल्याने टाकून दिलेल्या गाद्या मी भिंतींना ठोकल्या आहेत आणि दारावर जाड गोधडी टाकली आहे, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा लावता येत नाही, कारण माइकला गाण्याआधी पंखा ऐकू येतो. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात, चारी बाजूंनी गाद्या आणि पंखा बंद, अशा खोलीत जो माणूस गायला तयार होतो, त्याला गाण्याची खरोखरच गरज असते. मी तरुणपणी बँडमध्ये ऑर्गन वाजवायचो, म्हणून लोक मला मास्तर म्हणतात. शाळेशी माझा संबंध मॅट्रिकपर्यंतच आला.

खोलीच्या भिंतीपलीकडे पिठाची गिरणी आहे. गिरणी सगळ्या गावाची गरज आणि स्टुडिओ माझी एकट्याची, त्यामुळे कुणी कुणासाठी थांबायचं हे भांडण न होताच ठरलं. लाईट गेली की गिरणी बंद पडते. तेवढ्या वेळात मी इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवतो आणि काम उरकतो. इतरांचं रेकॉर्डिंग लाईट गेल्यावर थांबतं, आमचं सुरू होतं. गायक, ढोलकीवाला, पेटीवाला असे आम्ही सगळे तयार होऊन लाईट जायची वाट बघत बसायचो. लाईट किती वेळासाठी जाईल याचा भरवसा नसायचा. म्हणून मी माइक आणि रेकॉर्डिंग दोन्ही आधीपासूनच चालू ठेवायचो. गिरणी थांबली की गायकाने सुरू करायचं, उगाच बटणं दाबण्यात वेळ घालवायचा नाही.

आता बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगतो. तुमच्या मोबाइलवर येतं ते तयार गाणं. आमच्याकडे त्याचं एक फोल्डर असतं, त्याला आम्ही प्रोजेक्ट म्हणतो. त्यात गायकाचा आवाज वेगळा, ढोलकी वेगळी, पेटी वेगळी, कोरस वेगळा. तयार गाणं ही शिजलेली खिचडी. तिच्यातून डाळ परत वेगळी काढता येत नाही. प्रोजेक्ट जवळ असला तर डाळ, तांदूळ, मीठ सगळं अजून डब्यातच असतं आणि पाहिजे तेव्हा नवी खिचडी टाकता येते. सॉफ्टवेअर बदललं की जुने प्रोजेक्ट उघडत नाहीत, म्हणून मी प्रत्येक आवाजाची साधी फाइलही सुरुवातीपासून शेवटपर्यंत काढून ठेवतो. मधला मोकळा वेळ, गप्पा, खोकला कापून टाकला तर जागा वाचते, असं सगळे शहाणे लोक सांगतात. मी तो कधी कापला नाही. यात दूरदृष्टी वगैरे काही नव्हती, मला कंटाळा यायचा.

हे सगळं जपून काय करायचं, असं मला घरातूनच विचारलं जायचं. त्याचं उत्तर पहिल्यांदा दिलं ते विश्वनाथआप्पा आणि शिवलिंगआप्पा या दोघा भावांनी. दोघांचं भुसार मालाचं दुकान एक आणि शिवभजनाची मंडळीही एक. त्यांची भजनं मी रेकॉर्ड केली होती. पुढे दुकानाची वाटणी झाली आणि थोरले विश्वनाथआप्पा माझ्याकडे आले.

"मास्तर, त्या भजनातून शिवलिंगला काढा."

"आप्पा, कोरसमध्ये आहेत ते. मागे आहेत."

"मागं असला तरी मला ऐकू यायलाय. काढा."

प्रत्येकाचा आवाज वेगळा ठेवलेला होता, म्हणून मी एक बटण दाबून धाकट्या आप्पांना भजनातून काढलं. आठवड्याभरात धाकटे आले आणि त्यांनी थोरल्यांना काढायला सांगितलं. थोरले मुख्य गायक असल्यामुळे त्यांना काढल्यावर भजनात टाळ आणि "हर हर" एवढंच उरलं. धाकटे आप्पा ते शेवटपर्यंत ऐकत बसले आणि म्हणाले, "आता कसं मोकळं वाटायलंय." पुढे घरात लग्न निघालं, दोघे भाऊ एका मोटारसायकलवरून माझ्याकडे आले आणि भजन पहिल्यासारखं करून मागितलं. मी दोन बटणं दाबली. घरच्या लोकांना जे जमलं नव्हतं ते मी खुर्चीतून न उठता केलं, याचा मला आजही थोडा अभिमान आहे.

निवडणुकीच्या गाण्यांचंही तसंच. एका उमेदवाराने प्रचाराच्या मध्यावर पक्ष बदलला. गाण्यात फक्त चिन्हाची ओळ नव्याने गाऊन घेतली. बाकी त्यांचा त्याग, त्यांची तळमळ, त्यांची गरिबी, सगळं जुनंच चाललं.

पण मला सांगायचं आहे ते उत्तमदादांबद्दल. उत्तमदादा बोरीचे. भीमगीतं गाणारा तसा आवाज आमच्या भागात दुसरा नव्हता आणि हे ते स्वतःच सांगायचे. जयंतीच्या आधी ते आपली माणसं घेऊन झरीला यायचे, "जयभीम मास्तर" म्हणून आत शिरायचे, ते लाईट जाईपर्यंत बोलत राहायचे. चहा, पाऊस, सोसायटी, कुणाची सोयरीक कुठे मोडली, त्यांना विषयाचं वावडं नव्हतं. गिरणी थांबली की मांडी बदलायचे, घसा खाकरायचे आणि माइकमध्ये विचारायचे, "मास्तर, ऐकू यायलंय का?" मी कानाला हेडफोन लावून बसलेला असायचो, तोंडाने बोललो तर ते रेकॉर्ड झालं असतं, म्हणून अंगठा वर करायचो. ते म्हणायचे, "मग बरं." आणि गाणं सुरू व्हायचं. मी ऐकलेल्या सगळ्या गायकांत सुरुवात कशी करायची हे त्यांनाच कळत होतं.

तंबाखूने त्यांचा घसा नेला. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, जीव वाचला, स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून ते ओठ हलवतात, हाताने सांगतात, टाळी वाजवून हाक मारतात. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून अंगठा वर केला. मीही केला.

नात झाली ती त्यानंतर. तिचं नाव संघमित्रा, घरात मित्रा म्हणतात. जयंतीला गावभर आजोबांची गाणी वाजतात आणि ही शाळेत सांगते, हे माझे आबा. एक पोरगी तिला म्हणाली, तुझ्या आबाला तर बोलताच येत नाही. त्यावरून दोघींची मारामारी झाली. घरी येऊन तिने बापाला विचारलं, "आबा गायचे ते ठाव हाय. बोलायचे कसे?"

तिचा बाप राहुल परभणीला एका कार्यालयात कारकून आहे. तो माझ्याकडे आला तो हे घेऊनच.

"मास्तर, बोललेलं कायबी न्हाई आमच्याकडं. गाणी लय हायती. आमच्या लग्नाचा व्हिडिओ हाय, पण त्यात आबा बोलायलेत आणि वरून सिनेमाचं गाणं वाजायलंय. नुस्तं एक वाक्य असलं तरी चालंल."

एक वाक्य? माझ्याकडे त्यांची तासन्‌तास बडबड होती. तयार गाण्यांतून मी ती कापलेली होती, पण प्रोजेक्टमध्ये ती सगळी तशीच होती. मी राहुलला मोठ्या थाटात म्हणालो, "बस, चहा घे. आत्ता देतो." एक गोष्ट मी विसरलो होतो, ती चहा येईपर्यंत आठवली आणि चहा मला गेला नाही.

आमच्याकडे लाईट जाते तेव्हा धोका नसतो, धोका ती येते तेव्हा असतो. दोन-तीन महिन्यांपूर्वी, ऐन पावसाळ्यात मी जुनी कामं कॉम्प्युटरवरून दुसऱ्या डिस्कवर उतरवत होतो. इन्व्हर्टरची बॅटरी दुरुस्तीला गेली होती. लाईट गेली आणि आली ती दणका देत आली. कॉम्प्युटर गेला आणि त्याला लावलेली दुसरी डिस्कही त्याच्याबरोबर गेली. दोन प्रती एका वायरीला बांधलेल्या असल्या की ती एकच प्रत असते, हे मला त्या दिवशी वास येऊन कळलं. नंतर नवा कॉम्प्युटर घेतला, नवी कामं आली, आणि तिसरी प्रत अक्काकडे आहे या समाधानात मी ती आणायचं भाऊबीजेवर ढकललं.

तिसऱ्या प्रतीची व्यवस्था अशी. दर भाऊबीजेला मी अक्काकडे जातो. जाताना साडी आणि वर्षभराच्या कामाची डिस्क. ती ओवाळते, मी साडी देतो, डिस्क देतो, आदल्या वर्षीची परत आणतो, तिच्यावर जुनं-नवं सगळं भरतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा नेतो. प्रती काढायच्या राहून जातात म्हणून लोक कॅलेंडरवर खुणा करतात. मला खुणेची गरज नव्हती, भाऊबीज चुकवली असती तर अक्काने मला सोडलं नसतं.

मी राहुलसमोरच तिला फोन लावला. "अक्का, ती गाण्यांची डबी कुठंय?"

"हाय की. लय जपून ठिवलीय. ज्वारीच्या कोठीत, तळाला."

"कोठीत?"

"मग? कपाटात उंदरं हायती. आन्‌ घोर करू नको, सोंडे-किडे न्हाई लागायचे. गोळीची पुरचुंडी बांधून डबीच्या बुडाशीच ठिवलीय. पिशवी काढून घेतली तेवढी, चांगली होती."

धान्यात घालायची ती गोळी म्हणजे विष असते. तिच्यातून निघणारा वायू किड्यांना मारतो आणि बंद खोलीत माणसालाही सोडत नाही. गाण्यांना कीड लागू नये म्हणून माझ्या बहिणीने ती गाण्यांच्या बुडाशी ठेवली होती. तिचा हेतू इतका स्वच्छ होता की रागावायला जागाच सापडेना.

दुसऱ्या दिवशी राणीसावरगावला गेलो. आधी दारं-खिडक्या उघडायला लावल्या, कोठीचं झाकण काढून सगळ्यांना अंगणात बसवलं. बराच वेळ हवा लागल्यावर आम्ही बहीणभावाने नाकाला फडकं बांधून ज्वारी ताडपत्रीवर उपसायला सुरुवात केली. शेजारणी विचारून जात होत्या, कीड लागली का? अक्का सांगत होती, "न्हाई, भावाची गाणी काढायलाव." कुणाला त्यात नवल वाटलं नाही. तळाशी डबी सापडली. पुरचुंडीत नुसती राख उरली होती आणि डबीचे स्क्रू हिरवे पडले होते.

अक्काने माझं तोंड बघितलं. "माझ्यामुळं काय झालं का रं?" तिने विचारलं. "न्हाई गं," मी म्हणालो. ती तिथेच ढिगाशी बसून ज्वारी परत भरायला लागली. बसस्टँडवर सोडायला आली तेव्हा पिशवी आठवणीने परत दिली.

झरीला पोचल्यावर डिस्क लावून बघितली. कॉम्प्युटरला ती दिसतही नव्हती. परभणीत माझ्या ओळखीचा एक दुरुस्तीवाला आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, तो वायू तांबं खातो. आतली चकती बंद असते, ती बहुधा ठीक असेल. पण वरची सर्किटची पट्टी काढून बघा, जिथे ती आतल्या भागाला टेकते ते ठिपके काळे पडले असतील. ते खोडरबराने हलक्या हाताने घासा. मी विचारलं, कुठलं खोडरबर? तो म्हणाला, शाळेतलं. चालली तर चालेल, नाही चालली तर मला विचारू नका.

राहुलला कळवलं. त्याला एकट्यालाच बोलावलं होतं, पण रविवारी तो लेकीला आणि उत्तमदादांना घेऊन आला. दादा दारात थांबले, गाद्यांकडे बघितलं, मग नेहमीच्या जागी जाऊन मांडी घालून बसले. समोर माइक नव्हता. मी तो मुद्दाम काढून ठेवला होता आणि आता वाटायला लागलं, ठेवायला हवा होता.

मी स्क्रू काढले, पट्टी उलटी केली. ठिपके काळे-हिरवे झाले होते. खोडरबर आणायचं मी विसरलो होतो. मित्राने रविवारीही पाठीवर असलेल्या दप्तरातून आपलं काढून दिलं. स्ट्रॉबेरीच्या वासाचं, गुलाबी. "पूर्ण संपवू नका," ती म्हणाली. मी घासायला लागलो. आयुष्यात मी बरंच महागडं सामान हाताळलं आहे, पण इतक्या जपून धरलं ते फक्त ते गुलाबी खोडरबर. माझ्या वडिलांचा आवाज माझ्याकडे नाही. बँडमध्ये असताना मी गावभरच्या वराती वाजवल्या, पण त्यांना कधी चार वाक्यं बोलायला लावून टेप केलं नाही. ते त्या क्षणी फार आठवले.

पट्टी बसवली, मेन लाईनची वायर काढून सगळं इन्व्हर्टरवर घेतलं आणि डिस्क लावली. ती फिरल्याचा आवाज आला. पडद्यावर फोल्डर आलं. राहुल उठून उभा राहिला. मी त्याला खाली बसवलं, कारण आमच्या धंद्यात अशा वेळी ऐकायचं नसतं. आजारी डिस्क किती वेळ जगेल सांगता येत नाही, म्हणून आधी प्रत काढायची आणि मग प्रत ऐकायची. दादांचं फोल्डर उतरायला लागलं. पडद्यावरची हिरवी रेघ मुंगीच्या चालीने सरकत होती. पलीकडे गिरणी चालू होती.

"झालं का?" मित्रा विचारत होती. दादा तिच्याकडे बघून हाताने सांगत होते, थांब. पण स्वतःच वाकून पडदा बघत होते. त्यांची बोटं मांडीवर ठेका धरत होती.

प्रत पुरी झाली. मी डिस्क काढून बाजूला ठेवली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. दादांच्या आवाजाची एक फाइल उघडून सुरू केली. पहिल्यांदा खोलीभर गिरणीच ऐकू आली. एक भिंतीपलीकडची आजची आणि एक स्पीकरमधली जुनी, दोन्ही एकाच सुरात. मग तिच्यावर एक माणूस मोठ्याने बोलायला लागला.

"आरं चहा हाय का पाक? मुंगळे लागतेल मला. आन्‌ त्या ढोलकीवाल्याला म्हणावं पाय पसरू नको, हितं काय तुझी सासुरवाडी न्हाई. आमचा राहुल्या गणितात नापास झालाय, ठाव हाय का? मास्तर लोकायला जाऊन म्हणतो, पेपर अवघड होता. पेपर काय उसाचा फड हाय का अवघड असायला?"

राहुलने मान खाली घातली. मित्राने एकदा बापाकडे, एकदा स्पीकरकडे बघितलं. मग ती आजोबांकडे बघत राहिली. दादांचे ओठ हलत होते. जे ऐकू येत होतं तेच ते बोलत होते, शब्दाला शब्द, जणू कालच बोलले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मलाही रडू आलं. मी हेडफोनची वायर गुंडाळत बसलो, तिला गुंडाळायची काही गरज नव्हती.

"आबा लय बोलायचे," मित्रा म्हणाली. तिच्या स्वरात तक्रार होती.

तेवढ्यात लाईट गेली. भिंतीपलीकडची गिरणी बंद पडली. स्पीकरमधली आणखी थोडा वेळ चालली, मग तीही थांबली. खोलीत इतकी शांतता झाली की जुन्या रेकॉर्डिंगमधला मांडी बदलल्याचा आवाज स्वच्छ आला. कुणीतरी घसा खाकरला.

"मास्तर, ऐकू यायलंय का?"

त्यानंतर फाइलमध्ये क्षणभर काहीच नव्हतं. तिथे मी अंगठा वर केला होता आणि अंगठा रेकॉर्ड होत नाही. मी गुंडाळलेली वायर खाली ठेवली.

"यायलंय, आबा," मित्रा म्हणाली.

"मग बरं," उत्तमदादा म्हणाले आणि गायला लागले.